केमोनंतरचा शेक अर्ध्यावर सोडू नका



लागण, बेणे, खत आणि खोडवा हे या पानावरचे माझे नेहमीचे विषय. या वेळी मात्र विषय घरातला आहे. हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात लवकर तोड मिळावी, उचल मिळावी असे अर्ज येतात. अर्जात कारण लिहिलेले असते, "घरी आजारपण". जरा बाजूला घेऊन विचारले की सभासद आवाज खाली करून सांगतो, "मंडळींच्या छातीत गाठ निघाली, साहेब. ऑपरेशन झालं, केमो झाल्या. आता शेक सांगितलाय. महिनाभर शहरात राहावं लागतंय. नाही घेतला तर चालंल का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर असे : डॉक्टरांनी शेक सांगितला असेल तर तो घ्यावा, आणि जितके दिवस सांगितला तितके दिवस पुरा करावा. असे का, शेक देतात कसा आणि त्या दिवसांत काय सांभाळावे, एवढे या लेखात सांगायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. परंतु माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा केमोनंतरच्या शेकाला मी त्यांच्याबरोबर रोज जात होतो. तिथे जे पाहिले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो. कोणाला कोणता उपचार द्यायचा हा निर्णय अर्थातच तिच्या डॉक्टरांचा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आज भारतात स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हा स्तनाचाच आहे. क्वचित तो पुरुषांनाही होतो. त्यात लाजण्यासारखे, लपवण्यासारखे काही नाही. तो शिवल्याने, उष्ट्याने किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही.

तीन उपचार, तीन कामे

लव्हाळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वरचे गवत खुरपून काढले की रान स्वच्छ दिसते. पण जमिनीत गाठी राहिल्या असल्या तर पुढच्या पाण्याला तो पुन्हा डोके वर काढतो. रान स्वच्छ दिसणे वेगळे आणि स्वच्छ असणे वेगळे. कॅन्सरचेही काहीसे असेच आहे.

ऑपरेशनमध्ये सर्जन गाठ काढतात आणि काखेतल्या ग्रंथी तपासतात किंवा काढतात. ही झाली खुरपणी. केमोचे औषध शिरेतून दिले जाते व रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. आपण आंतरप्रवाही औषध म्हणतो, तसे ते समजा. यकृत, फुफ्फुस, हाडे अशा दूरच्या ठिकाणी एखादी पेशी गेली असेल तर तिला गाठणे हे त्याचे मुख्य काम.

मग शेक कशासाठी? तर जिथे गाठ होती त्याच भागात, म्हणजे राखलेल्या स्तनात, छातीच्या भिंतीत, काखेत किंवा गळ्याखालच्या हाडाजवळच्या ग्रंथींत, सूक्ष्म पेशी मागे राहू शकतात. त्या हाताला लागत नाहीत आणि सोनोग्राफीतही दिसत नाहीत. केमोने त्या सर्वच मरतील याची खात्री नसते. शेक नेमका त्या जागेवर काम करतो. केमोने शेकाचे काम होत नाही आणि शेकाने केमोचे होत नाही.

"केमोनं गाठ विरघळली, मग आता शेक कशाला?" असेही काही जण विचारतात. केमो आधी देऊन नंतर ऑपरेशन केले असेल तर शेकाचा निर्णय घेताना डॉक्टर रोग मुळात केवढा होता हेही पाहतात. म्हणून अगदी पहिले रिपोर्ट जपून ठेवावेत. गाठ गेली म्हणून जुने कागद चुलीत घालू नयेत.

शेक कोणाला लागतो?

स्तन राखून फक्त गाठ काढली असेल तर शेक जवळजवळ नेहमीच सांगतात. पूर्ण स्तन काढला असेल तर तो प्रत्येकीला लागत नाही. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी होती, काखेतल्या ग्रंथींत रोग सापडला, किंवा रोग कातडीपर्यंत अथवा छातीच्या भिंतीपर्यंत गेला होता, अशा वेळी तो सांगितला जातो. तेव्हा शेजारणीला लागला नाही म्हणून आपल्यालाही लागणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे. दोन रानांची माती सारखी नसते.

फायदा किती होतो याचे आकडे आहेत. स्तन राखून ऑपरेशन झालेल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती १७ चाचण्यांमधून एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झाली. शेक न घेतलेल्या दर १०० जणींपैकी सुमारे ३५ जणींना १० वर्षांच्या आत रोग पुन्हा झाला. शेक घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १९ होते. १५ वर्षांत या कॅन्सरने दगावण्याचे प्रमाण १०० मध्ये २५ वरून २१ वर आले. पूर्ण स्तन काढलेल्या पण काखेतल्या ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रियांनाही शेकाचा फायदा होतो, असे २०१४ च्या अशाच दुसऱ्या अभ्यासात दिसून आले.

म्हणजे शेक घेतला की रोग परत येणारच नाही अशी हमी नाही. न घेतला तर येतोच असेही नाही. पण १०० मध्ये ३५ आणि १०० मध्ये १९ यांतला फरक आपल्या घरातल्या बाईच्या बाबतीत कोणी सोडून देऊ नये.

शेक म्हणजे गरम शेक नव्हे

आपल्याकडे याला कोणी शेक म्हणतात, कोणी लाईट, कोणी करंट. डॉक्टरांचा शब्द किरणोपचार किंवा रेडिएशन. शेक म्हटले की विटेचा शेक आठवतो आणि करंट म्हटले की शॉक, म्हणून बायका आधीच घाबरतात. प्रत्यक्षात यात चटका बसत नाही, शॉक लागत नाही आणि सुईही टोचत नाही. एक्स-रे काढताना जसे काही जाणवत नाही, तसेच हे.

१८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी एक्स-किरणांचा शोध लावला. १८९८ साली मेरी व पिअर क्युरी यांनी रेडियम शोधले. तेव्हापासून किरणांनी कॅन्सरवर उपचार करण्याचे शास्त्र वाढत गेले. आज दोन प्रकारची यंत्रे दिसतात. एकात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. दुसऱ्यात विजेच्या साहाय्याने जोरदार किरण तयार होतात, त्याला लिनॅक म्हणतात. कोबाल्टचे 'भाभाट्रॉन' हे यंत्र तर आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेच विकसित केले आहे.

हे किरण पेशीच्या आतील गुणसूत्रांवर मार करतात. मार बसलेली पेशी पुढे दुभागू शकत नाही व मरते. आपल्या निरोगी पेशींनाही थोडा मार बसतो, पण त्या स्वतःची दुरुस्ती बऱ्यापैकी करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ती तितकी जमत नाही. या फरकावरच सगळा उपचार उभा आहे.

सगळा डोस एका दिवसात का देत नाहीत?

सुरू उसाला आपण नत्र कसे देतो? लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला राहिलेले ४० टक्के. सगळा युरिया एकाच दिवशी टाकला तर पिकाला लागू पडत नाही, उलट नुकसान होते. शेकाचेही हप्ते याच विचाराने पाडलेले असतात. दोन डोसांच्या मधल्या वेळात निरोगी कातडी व पेशी सावरतात. सर्व डोस एकदम दिला तर त्याही होरपळून जातील.

पूर्वी ५० ग्रे एवढी मात्रा २५ दिवसांत, म्हणजे ५ आठवड्यांत देत असत. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप आहे. इंग्लंडमधील मोठ्या चाचण्यांनंतर ४० ग्रे मात्रा १५ दिवसांत, म्हणजे ३ आठवड्यांत देण्याची पद्धत रूढ झाली. परिणाम तितकाच चांगला आणि हेलपाटे कमी. काही निवडक रुग्णांना आता ५ दिवसांतही उपचार देतात. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. गाठीच्या मूळ जागेवर आणखी काही दिवस जादा मात्रा लागली तर तिला बूस्ट म्हणतात. आपल्या रुग्णाला किती दिवस लागतील हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावे, म्हणजे घरची व रानातली व्यवस्था त्याप्रमाणे लावता येते.

रोजचा क्रम कसा असतो?

शेवटच्या केमोनंतर साधारण ३ ते ४ आठवड्यांनी शेक सुरू करतात. तेवढ्यात अंगातला अशक्तपणा कमी होतो, रक्ताचे प्रमाण सुधारते. केमो आधी आणि ऑपरेशन नंतर झाले असेल तर जखम भरण्याची वाट पाहतात.

पहिल्या दिवशी शेक नसतोच. त्या दिवशी आखणी असते. हात डोक्याच्या वर घेऊन निजवतात, सी.टी. स्कॅन काढतात आणि छातीवर शाईच्या खुणा किंवा गोंदणासारखे बारीक ठिपके करतात. शेतात सरी पाडण्याआधी आपण दोरी लावतो, तसे हे समजावे. पुढे काही दिवस डॉक्टर व भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर हिशेब करतात, की किरण कोणत्या कोनातून द्यायचे आणि हृदय व फुफ्फुस कसे वाचवायचे. डाव्या बाजूचा रोग असेल तर काही ठिकाणी खोल श्वास रोखून धरायला शिकवतात. छातीत हवा भरली की हृदय किरणांच्या वाटेपासून दूर सरते.

त्यानंतर सोमवार ते शुक्रवार रोज जायचे. खोलीत १० ते १५ मिनिटे लागतात, त्यांतही प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच. रुग्ण खोलीत एकटी असते. बाहेरून तंत्रज्ञ कॅमेऱ्यातून पाहत असतात व त्यांच्याशी बोलताही येते. आठवड्यातून एकदा डॉक्टर तपासतात.

वहिनी पहिल्या दिवशी देवाचे नाव घेत आत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊजी, झालं पण? मला वाटलं अजून यंत्र चालूच व्हायचंय." तिसऱ्या दिवसापासून त्या बाकावर बसलेल्या नव्या बायकांना धीर देऊ लागल्या. त्यांना १५ दिवस आणि बूस्टचे ५ असे एकूण २० दिवस लागले.

नातवंडांना जवळ घेऊ का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. खुशाल घ्यावे. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, ते अंगात राहत नाहीत. घरातल्या कोणालाही, लहान बाळालाही त्यापासून धोका नाही. मात्र तरुण स्त्रीला दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर शेकाआधीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

त्रास काय होतो?

त्रास होतच नाही असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शेकलेल्या जागेची कातडी लाल होते, मग काळवंडते. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत साल निघते, चुरचुरते. वहिनींना सर्वांत जास्त त्रास शेक संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झाला. "शेक संपला आणि आता का वाढलं?" म्हणून घरात सगळे घाबरले. परंतु किरणांचा परिणाम काही दिवस मागाहून चालू राहतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. महिन्याभरात कातडी भरून आली.

दुसरा त्रास थकव्याचा. काम न करताही अंग मोडून येते. ते आळसाचे लक्षण नव्हे, सासूबाईंनी व घरधन्यानेही हे समजून घ्यावे. गळ्याजवळ किरण दिले असतील तर घास गिळताना घसा दुखतो. डोक्यावरचे केस मात्र या शेकाने जात नाहीत. उलट केमोत गेलेले केस याच काळात परत उगवू लागतात.

क्वचित काही महिन्यांनी कोरडा खोकला, धाप किंवा ताप येतो. कातडीतून पाणी येणे, पू होणे, हात सुजणे, छातीत दुखणे यांपैकी काही झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सांभाळायच्या गोष्टी

१. शाईच्या खुणा घासून धुऊ नयेत. पुसट झाल्या तर तंत्रज्ञाला सांगावे. घरी पेनाने पुन्हा काढू नयेत.

२. कोमट पाण्याने हलक्या हाताने अंघोळ करावी. त्या जागी कडक साबण, पावडर, अत्तर लावू नये. डॉक्टरांनी दिलेले मलमच लावावे.

३. हळद, चुना, तेल किंवा कोणी सांगितलेला पाल्याचा लेप त्या जागी लावू नये. गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ तर मुळीच नको.

४. घट्ट चोळी व नायलॉनचे कपडे टाळावेत. मऊ, सैल, सुती कपडे घालावेत. उन्हात जाताना ती जागा झाकावी.

५. दूध, अंडी, डाळी, उसळी, जे मानवेल ते पोटभर खावे. बाहेरची पुडी, काढा, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

६. मिश्री, तंबाखू बंद करावी. ही सवय मोडायला याहून चांगली वेळ येणार नाही.

७. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताचे सांगितलेले व्यायाम रोज करावेत. खांदा आखडला तर हात डोक्यावर जात नाही, आणि हात वर गेल्याशिवाय शेक नीट देता येत नाही.

साखरेविषयी एक खुलासा करतो. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो असे पुष्कळ जण सांगतात. साखर कारखान्याच्या अंकात याचे उत्तर देताना कोणी म्हणेल की हे स्वतःच्या मालाची बाजू घेतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तेच लिहितो. खाल्लेल्या साखरेने गाठ थेट वाढते असा पुरावा नाही. मात्र मधुमेह असेल तर साखर सांभाळलीच पाहिजे, आणि वजन वाढू देणे या आजारात चांगले नाही. गोड बंद करून, उपास करून अंग खंगवणे हे मात्र नक्कीच चुकीचे.

उसाच्या रानात हात जपा

ही सूचना शहरातल्या दवाखान्यात कोणी सहसा सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. काखेतल्या ग्रंथी काढल्या आणि त्या भागाला शेक दिला, की त्या हातातला द्राव वाहून नेण्याची वाट अरुंद होते. मग एखादी किरकोळ जखमही पिकू शकते आणि हात कायमचा सुजू शकतो. आपल्या बायकांचे हात तर रोज वाढे बांधतात, पाचट ओढतात, जनावरांना वैरण टाकतात. उसाच्या पानाची धार आणि कूस काय असते हे मी सांगायला नको.

तेव्हा अशा बाईने उसात जाताना पूर्ण बाहीचा जाड सदरा आणि हातमोजे घालावेत. उपचार चालू असताना तर ही कामे दुसऱ्यांनीच करावीत. कापले, खरचटले तर लगेच साबणाने धुऊन औषध लावावे. त्या हाताने पाण्याची जड घागर, वैरणीचा भारा एकदम उचलू नये. शक्यतो सुई व रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला लावायला सांगावे. हात लाल होऊन गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. याचा अर्थ हात बांधून ठेवावा असा नाही. हलका, रोजचा वापर चांगलाच.

लोक अर्ध्यावर का सोडतात?

आपल्या भागातल्या एका घरची गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही. ऑपरेशन झाले, केमोचे सर्व डोस झाले. शेकाचे ८ दिवस झाले आणि इकडे उसाला तोड आली. घरात दुसरे कोणी नव्हते. बाई म्हणाली, "आता बरंच वाटतंय, ऊस गेला की परत येऊ." ऊस गेला, मागे खोडव्याची कामे लागली, पाचट आवरायचे निघाले, आणि परत जाणे राहूनच गेले. दोन वर्षांनी जुन्या जखमेच्या कडेला गाठ लागली. डॉक्टरांनी दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, की शेक पुरा झाला असता तर हे टळलेच असते असे सांगता येत नाही, पण टळण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती.

या गोष्टीत वाईट कोणीच वागले नाही. सगळ्यांनी घरचेच पाहिले. पण ऊस तोडायला चार दिवस उशीर झाला तर जे नुकसान होते ते वजनकाट्यावर मोजता येते. हे नुकसान मोजायला काटा नाही.

एखादा दिवस यंत्र बंद पडले, सण आला किंवा ताप आला म्हणून शेक चुकला तर घाबरू नये. लगेच कळवावे. चुकलेला दिवस पुढे भरून काढतात. पण मधे आठ-पंधरा दिवसांचा खंड पाडणे आणि "तेवढ्यानं काय होतंय" म्हणून शेवटचे डोस सोडणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. सरीला अर्ध्यापर्यंत पाणी देऊन दारे मोडले तर शेंड्याकडचा ऊस वाळतोच.

अडचणी आणि वाटा

पैशाची अडचण : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि सर्व रिपोर्ट घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटावे. आपल्या रुग्णालयात कोणता खर्च बसतो आणि कोणता नाही, हे त्याच्याकडून नीट समजून घ्यावे. पैसे भरून झाल्यावर चौकशी करण्यात अर्थ नसतो.

अंतराची अडचण : परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि आजही लोक तिकडेच धाव घेतात. त्यात गैर काही नाही. पण ऑपरेशन व केमो मुंबईत झाली म्हणून शेकही तिथेच घ्यावा असे नाही. शेकाची सोय सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आहे, मिरजेला आहे, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आहे. "आमच्या जवळ शेक कुठे मिळेल? तिथे लिहून द्याल का?" असे डॉक्टरांना विचारावे. विचारायला संकोच नको. मुंबईला जावेच लागले तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याविषयी चौकशी करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांची राहण्याची सोय होते. कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे.

तोडीची अडचण : तोडणीचा क्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे लागतो आणि तो सर्वांना सारखाच असतो. तरीही शेकाच्या तारखा ठरताच त्यांच्या कागदासह गट कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. घरात कोणी नसताना तोड आली तर टोळीवर लक्ष कोण ठेवणार, वजनाच्या पावत्या कोण घेणार, हे भावकीत किंवा शेजारच्या सभासदाशी बोलून आधीच ठरवावे. आपली चळवळ सहकाराची आहे. शेजाऱ्याच्या उसाकडे चार दिवस पाहणे हाही सहकारच.

शेक संपल्यावर

शेक संपला म्हणजे फाईल माळ्यावर टाकायची असे नव्हे. रोगाच्या प्रकाराप्रमाणे काही जणींना हार्मोनच्या गोळ्या ५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घ्याव्या लागतात. गोळी रोजची असते आणि त्रास काही दिसत नाही, म्हणून तीही मधेच सुटते. ती सोडू नये. सुरुवातीला दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, असा साधारण क्रम असतो. तारखा घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात, जशा आपण लागणीच्या लिहितो.

शेवटी पुरुष सभासदांना एक विनंती. आपल्या घरातल्या बायका स्वतःच्या आजाराचा हिशेब सर्वांत शेवटी मांडतात. ऊस जाऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, म्हैस विऊ दे, मग बघू, असे त्या म्हणतात. तेव्हा "चल, आजचा नंबर चुकायचा नाही," हे म्हणणे आपले काम आहे. शेकाच्या कार्डावर रोज एक खूण होते. शेवटची खूण होईपर्यंत तिच्याबरोबर जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी